सत्तर टक्के

आमचा अमेरिकेतला मेव्हणा गेल्या दिवाळीत पाच सिगार देऊन गेला. मी साधी सुपारीही खात नाही. पण तो म्हणाला, "दाजी, प्रमोशन झालं की साहेबांना द्या. तोवर सत्तर टक्के आर्द्रतेत ठेवा." मी पडलो कॉमर्सचा माणूस! टक्के म्हटले की मला व्याज आठवतं. सत्तर टक्के तर सावकारही मागायला लाजेल.

त्यात आमचं गोंदिया! मे महिन्यात इथे माणसाचे ओठ फुटतात. सिगारचं वरचं पानही तडकू लागलं. नोटा मोजायचं यंत्र आल्यापासून माझ्या टेबलावरचा स्पंज बेकार झाला होता. तो ओला करून पेटीत ठेवला आणि विसरलो. जुलै उजाडला. पापड सादळले, काडेपेटी पेटेना आणि सिगारवर पांढरी बुरशी आली.

शेजारच्या आजींनी चाळीस वर्षं बिड्या वळल्या आहेत. पेटी पाहून त्या हसल्या. "बाबू, हे का बाळंतीण आहे, ओल्या फडक्यात ठेवाले?"

मग माझी शिकवणी झाली. तेंदूचं पान उन्हाळ्यात तोडून वाळवतात. पोत्यात भरताना पाणी शिंपडून मऊ करतात, नाहीतर चुरा होतो. बिडी वळणारी ते पुन्हा भिजवते, फर्म्यावर कापते. वळलेली बिडी मात्र शेकून कोरडी करायची. थोडक्यात, पान ओलं, बिडी कोरडी. सिगारचे लाड मात्र जन्मभर!

"पान कोरडं रायलं का बिडी फुटे," आजी म्हणाल्या. "मंग छाट. छाटलेलीची मजुरी नाही." पानातली ओल त्या बोटांनी ओळखत. चुकलं तर संध्याकाळचं तेल कमी यायचं.

त्यांनी एक सिगार पुसली, फिरवून फिरवून पाहिली. "वळणारीचा हात चांगला आहे, बाबू. हिची छाट नसन होत." थोडं थांबून म्हणाल्या, "हजाराचे किती भेटत असन तिले?"

मला सांगता येईना. एवढी वर्षं लोकांचे हिशेब केले. हा कधी केला नव्हता.

सिगार आता आजींच्या देखरेखीखाली आहेत. प्रमोशनचं पत्र अजून आलेलं नाही. बहुधा तेही कुठेतरी सादळलं असावं.