वळणाचा रेटा

म्हसळ्याहून बोर्लीपंचतनला येणारा रस्ता सरळ असा फार कुठे नाहीच. जुनी महिंद्रा जीप घेऊन तो उतरताना माझं लक्ष इंजिनापेक्षा पुढच्या चाकांकडे असतं. वळणावर टायर जमीन धरून ठेवतो, गाडी मात्र बाहेर जाऊ पाहते. या ओढाताणीचा आडवा रेटा हबमध्ये बसलेल्या, मुठीत मावणाऱ्या टेपर रोलर बेअरिंगवर येतो.

या बेअरिंगबद्दल मला फार जिव्हाळा आहे, कारण ते मुळात वळणासाठीच सुचलं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेनला दिसत होतं की, माल लादलेली गाडी सरळ जाते, पण वळताना अडते. १८९८ साली त्याने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. बॉल बेअरिंगमधला छर्रा जेमतेम एका ठिपक्यावर टेकतो. रोलर अख्ख्या लांबीने टेकतो, म्हणून जास्त वजन पेलतो. पण सरळ रोलरला आडवा रेटा सोसत नाही. निमुळत्याला दोन्ही सोसतात. त्यातही मला मोहवते ती त्याची भूमिती: सगळ्या रोलरच्या उताराच्या रेषा मनातल्या मनात लांबवत नेल्या, तर आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत भेटतात. त्यामुळे रोलर घासत नाही, नुसता लोळतो. आमच्याकडच्या बैलगाडीच्या लाकडी तुंब्यात वंगण असे आणि भरपूर ढिलाई. तिचा वेग पाहता तेवढं पुरे होतं.

विलीज जीपचे सुटे भाग १९४७ साली मुंबईत उतरले आणि महिंद्रांची जीप सुरू झाली. तिच्या पुढच्या प्रत्येक हबमध्ये अशी दोन बेअरिंगं असतात, आत एक, बाहेर एक, दोन्ही एकाच मापाची: कोन (रोलरांसकट आतली कडी) १८५९०, कप (बाहेरची कडी) १८५२०. टेपर बेअरिंग एकाच दिशेचा रेटा घेतं, म्हणून जोडी उलटसुलट बसवायची.

इथला शत्रू समुद्र. दिवेआगरच्या पुळणीवर हौसेने गाडी घालणारे पुष्कळ. चालून तापलेला हब पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि ऑइल सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढते. ग्रीस दुधाळ होतं. काही दिवसांनी चाक गुरगुरू लागतं. उघडून पाहिलं तर कपावर गंजाचे ठिपके आणि रोलरांचे व्रण. अशा वेळी नुसता कोन बदलून भागत नाही. कप आणि कोन जोडीनेच बदलावे. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

हब डिझेलने धुऊन, पुसून, जुना कप काढायचा. नवा कप पितळी दांड्याने ठोकत बसवायचा, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, जराही तिरका होऊ न देता. तो बुडाला टेकेपर्यंत आवाज पोकळ येतो. टेकला की एकदम भरीव, घट्ट होतो. हा बदल ऐकल्याशिवाय हातोडी खाली ठेवू नये. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या कडेने रोलरांमधून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. बोटाने वरून चोपडलेलं ग्रीस रोलरांच्या फटीत जात नाही.

आतलं बेअरिंग, नवं सील, हब, बाहेरचं बेअरिंग, नट. चाक हाताने फिरवत नट आवळत जायचा. चाक जड झालं की नट एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. नवशिक्याला हे पटत नाही. घट्ट म्हणजे सुरक्षित, असं त्याला वाटतं. पण आवळलेलं बेअरिंग तापून जळतं, आणि ढिलं राहिलं तर चाक डुलून सील खातं. लॉक वॉशर आणि चेक नट बसल्यावर टायर वर-खाली धरून पुन्हा हलवून पाहायचा, कारण चेक नट आवळतानाही बेअरिंगमधली ढिलाई बदलते. टायरच्या कडेला मिलिमीटरचा अंश तेवढा जाणवावा.

चाचणी घाटात घेऊ नये. तिथे ब्रेकनेच ड्रम तापतो आणि काही कळत नाही. बोर्लीहून दिवेआगरच्या रस्त्याला लागावं, ब्रेक शक्यतो न दाबता जावं, थांबून हबवर तळवा ठेवावा. कोमट लागला तर परत येऊन दुसरं चाक खोलायला घ्यावं. चटका बसला तर नट पुन्हा उघडायचा.