लबारी

छत्तीसगढीत खोटं बोलण्याला 'लबारी' म्हणतात. आपल्या 'लबाड'च्या घरातलाच वाटावा असा शब्द. रायपूरच्या टाटीबंध भागातल्या माझ्या गॅरेजमध्ये तो रोज ऐकू येतो आणि बहुतेक वेळा माणसाबद्दल नसतो. 'भैया, सेंसर ह लबारी मारत हे,' स्कॅनर हातात धरून पोरगा ओरडतो. पूर्वी मी मान डोलवून नवा सेन्सर मागवायचो. ती सवय एका काकांच्या गाडीने मोडली.

चौबे कॉलनीतले हे काका महाराष्ट्र मंडळात भेटणारे, त्यामुळे हक्काने रागावणारे. 'अरे, अ‍ॅव्हरेज पार बसलं रे, आणि ही पिवळी लाइट!' स्कॅनरने कोड दिला पी 0171, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सरचा आकडा तळाशी चिकटलेला. मी सेन्सर बदलला, कोड पुसला, लाइट विझली. आठ दिवसांनी काका परत. लाइट पेटलेली, अ‍ॅव्हरेज तेवढंच.

कोड पुसला की लाइट विझतेच. ती गाडीतल्या संगणकाने पुन्हा पुरावा गोळा करेपर्यंतची उसंत असते. तिलाच मी दुरुस्ती समजलो होतो.

हा सेन्सर म्हणजे स्पार्क प्लगसारखा दिसणारा, धुराच्या नळीत नाक खुपसून बसलेला नग. बॉशने तो पहिल्यांदा 1976 साली व्होल्वोच्या गाडीत बसवला. पण त्याचं मर्म जुनं आहे. आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या दिव्यात वापरलं होतं, त्याच जातीचं. तीनशे अंशांच्या वर तापलं की ते जागं होतं. एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हींकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून वीज उठते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर 0.9 व्होल्टच्या आसपास, भरपूर उरला असेल तर 0.1. वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हा काटा सांभाळताना संगणक पेट्रोल सतत कमी-जास्त करतो. म्हणून धडधाकट सेन्सरचा आकडाही सारखा वर-खाली डोलतो. पण त्याला पेट्रोल कधीच दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त नाकाशी आलेला ऑक्सिजन. हे मला पाठ होतं, उमगलं नव्हतं.

या वेळी मी प्लग काढले. चारही काजळीने काळे. सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात पेट्रोल नको इतकं. दोन साक्षीदार, दोन जबान्या.

अशा वेळी साक्षीदाराला असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. गरम इंजिनाच्या हवेच्या वाटेत क्लीनरची एक फवारणी केली, आकडा 0.8 च्या वर उडाला. मग गाडी चालवून पाहिली, वेगात अ‍ॅक्सिलरेटर सोडून दिला. तेव्हा संगणक पेट्रोल तोडतो, नळीतून नुसती हवा जाते. आकडा शून्याशी आला. नव्या सेन्सरची दोन्ही उत्तरं बरोबर. मग त्याच्या नाकाशी हा ऑक्सिजन आणतंय कोण?

गाडी रात्रभर ठेवून घेतली. जानेवारीची सकाळ, इंजिन थंडगार. चावी फिरवताच धूर नळीत सोडणाऱ्या मॅनिफोल्डजवळ बारीक टिकटिक. मिनिटा-दोन मिनिटांत धातू तापून फुगला आणि आवाज गेला. गॅस्केटच्या कडेला काजळीची बोटभर रेघ होती, म्हणजे तिथली फट पुरती मिटत नव्हती. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी ती फट बाहेरची हवा आत ओढत होती. सेन्सरने जे हुंगलं तेच सांगितलं. संगणकाने त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतलं, आणि काकांचं अ‍ॅव्हरेज बसलं. काहीशे रुपयांच्या गॅस्केटपायी मी त्यांना काही हजारांना बुडवलं होतं. सेन्सरचे पैसे परत दिले. काका म्हणाले, 'चहा तरी पाज.'

सेन्सर खरोखर मरतातही. आतला हीटर जळतो, उंदीर वायर कुरतडतो, कुणी इंजिनाला भलतंच सिलिकॉन लावलं तर त्याच्या वाफेने टोकावर पांढरा थर बसतो. म्हणून आधी फ्यूज, वायर, हीटरचे ओहम. मग नळीतली गळती. मग ते दोन प्रश्न. पाना सगळ्यात शेवटी.

काकांचा जुना सेन्सर मी टाकून दिला नाही. नवा पोरगा कामाला आला की मी तो पकडीत धरून ब्लोलॅम्पच्या ज्योतीत टोक तापवतो, मीटर पोराच्या हातात देतो. आकडा सावकाश 0.8 कडे चढतो. ज्योतीबाहेर काढला की घसरतो. पोरगा हसून म्हणतो, 'ये तो बने हे, भैया. काबर निकाले?' हा तर चांगला आहे, काढला कशाला?

या प्रश्नाचं उत्तर त्याला पहिल्याच दिवशी देतो. सांगतो, त्या दिवशी लबारी मी मारली होती.