माझी माझदा

गेल्या शनिवारी मी माझी गाडी विकली. 2008 सालची माझदा थ्री, पाच दारांची, लाल, पाच गिअरची मॅन्युअल. एक लाख त्र्याऐंशी हजार मैल झाले होते. गाडी विकल्यावर माणसाने नव्या गाडीबद्दल लिहावं, पण मला दोन दिवस जुनीच आठवतेय. म्हणून या वीकांताला हे पुराण. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी विषय गाडीचा राहत नाही.

अमेरिकेत आलेल्या देशी माणसाने पहिली गाडी कुठली घ्यावी याचा एक अलिखित नियम आहे. टोयोटा किंवा होंडा. कोरोला परवडली तर कोरोला, बढती मिळाली की कॅमरी. बिघडत नाही आणि विकताना पैसे परत येतात. मुलगी बघायला जाताना 'स्थळ चांगलं आहे' म्हणतात ना, अगदी तशी गाडी. 2011 मध्ये मी सेकंडहँड माझदा घेतली तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या मित्राने विचारलं, "का रे, सिव्हिक नाही मिळाली?" त्या स्वरात सहानुभूती होती!

घरी फोन केला तर बाबांचा निराळाच प्रश्न. "माझदा? म्हणजे स्वराज माझदा? अरे, ती तर आमच्या कंपनीची स्टाफ बस होती."

"बाबा, ती वेगळी."

"वेगळी कशी? नाव तर तेच."

बाबांचं बरोबर होतं, हे मला पुढे कळलं. स्वराजचे ट्रॅक्टर बनवणाऱ्या पंजाब ट्रॅक्टर्सने माझदा आणि सुमितोमो यांच्याबरोबर 1983 मध्ये ती कंपनी काढली होती. 2011 च्या जानेवारीत तिचं नाव बदलून एसएमएल इसुझू झालं. म्हणजे ज्या वर्षी मी माझदा घेतली, त्याच वर्षी आपल्याकडच्या स्कूलबसवरून माझदा पुसली गेली.

नावाचीही एक गंमत आहे. संस्थापकांचं आडनाव मात्सुदा, त्यावरून माझदा. पण कंपनी असंही सांगते की हे नाव अहुर मज्द या देवतेशी जोडलेलं आहे. म्हणजे पुण्याच्या कॅम्पात जिच्या बंद दारापुढून आम्ही शाळेत जायचो, त्या अग्यारीतला देव. हिरोशिमाच्या कंपनीने पारशांचा देव घ्यावा, पंजाबच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तो बसवर लिहावा आणि त्या बसने बाबांनी कामावर जावं. असो.

कंपनी सुरू झाली ती गाड्यांसाठी नव्हेच. 30 जानेवारी 1920 ला हिरोशिमात तोयो कॉर्क कोग्यो स्थापन झाली. बुचं बनवायची कंपनी! पुढच्या वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे अध्यक्ष झाले. 1927 मध्ये नावातून कॉर्क गेलं, मग यंत्रं बनवायला लागले आणि 1931 मध्ये पहिली तीनचाकी मालगाडी आली, माझदा-गो. पुढे मोटरसायकल, मागे हौदा. आपला जुना तीनचाकी टेम्पो आठवा, त्याच जातकुळीची.

6 ऑगस्ट 1945 ला मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या सकाळी ते शहरात केस कापायला गेले होते आणि बॉम्ब पडायच्या थोडं आधी तिथून निघाले, असं सांगतात. त्यांचा एक मुलगा त्या दिवशी गेला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून साधारण पाच किलोमीटरवर, मध्ये हिजियामा नावाची टेकडी. म्हणून इमारती उभ्या राहिल्या. शहरात सरकारला बसायला जागा उरली नव्हती, तेव्हा हिरोशिमा प्रांताचं सरकारी ऑफिस काही महिने याच कारखान्यात चाललं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाक्या परत बनायला लागल्या. चार महिन्यांत! आमच्याकडे सर्व्हर बदलायला याहून जास्त वेळ लागतो.

आता येतो रोटरी इंजिनवर. माझ्या गाडीत ते नव्हतं, साधं चार सिलिंडरचं होतं. पण माझदा म्हटलं की हा विषय निघतोच. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करावं लागतं. रोटरीत भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या डब्यात एक फुगीर त्रिकोण फिरतो. भाग कमी, वजन कमी, थरथर कमी. कागदावर एकदम सुंदर. मूळ कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. 1961 मध्ये माझदाने एनएसयू या जर्मन कंपनीशी करार करून ती घेतली. तेव्हा जपानच्या उद्योग मंत्रालयाला छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायच्या होत्या. आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काही असेल तरच आपण टिकू, असा हिशोब होता.

काम दिलं केनिची यामामोतो यांना. टोकियोला इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस 1946 मध्ये तीनचाकीचे गिअरबॉक्स जोडण्याच्या लाइनवर कामाला लागला होता. हाताखाली 47 इंजिनिअर. अडचण अशी की त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या थरथरायच्या आणि डब्याच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या. या ओरखड्यांना त्यांनी नाव दिलं होतं 'सैतानाची नखं'. वेगवेगळे धातू झाले, पट्टीचे आकार बदलून झाले, शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियम मिळून केलेली पट्टी टिकली. मे 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

आम्ही इंजिनिअर ही गोष्ट सांगताना इथे थांबतो. किंवा इथून सरळ 1991 च्या ल मान्सवर उडी मारतो, जिथे केशरी-हिरवी 787बी चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीची तिथली ती पहिली जीत. टोयोटाला त्यासाठी 2018 उजाडलं, हे मी ग्रुपमध्ये किती वेळा ऐकवलंय ते विचारू नका.

मधलं 1973 कोणी सांगत नाही. तेव्हा तेलाचा भाव भडकला. रोटरी पेट्रोल पिते हे अमेरिकेत जगजाहीर झालं आणि विक्री कोसळली. कंपनी बुडायला आली. सुमितोमो बँकेने सावरली, कारखान्यातल्या माणसांना शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवलं गेलं. 1979 मध्ये फोर्डने पाव हिस्सा घेतला आणि 1996 मध्ये तो 33.4 टक्के करून अध्यक्षच आपला बसवला. ज्या इंजिनामुळे कंपनीला नाव मिळालं, त्याच इंजिनामुळे तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. तरी यामामोतोंच्या माणसांनी ते सोडलं नाही. त्याचं पेट्रोल कमी करायला घेतलं आणि 1978 मध्ये आरएक्स-7 काढली.

आता मालक लोक काय म्हणतात ते. माझदावाल्यांचे दोन गट असतात. एक माझ्यासारखे साधे. ते म्हणतात, स्टिअरिंग छान, वळणावर गाडी अंगाला चिकटून येते, पण रस्त्याचा आवाज आत येतो, मागे पाय ठेवायला जागा कमी, बर्फावर मीठ टाकतात अशा राज्यांत जुन्या मॉडेलांचे पत्रे गंजतात आणि विकायला गेलं की टोयोटावाला मित्र गालात हसतो. दुसरा गट रोटरीवाल्यांचा. त्यांच्याशी बोलताना दम्याच्या जुन्या पेशंटशी बोलतोय असं वाटतं, सगळी पथ्यं पाठ. इंजिन ऑइल दर थोड्या दिवसांनी बघायचं, कारण ते जाळणं हा त्या इंजिनाचा स्वभावच आहे. थंड इंजिन सुरू करून गाडी चार फूट सरकवून लगेच बंद करायची नाही, नाहीतर आत पेट्रोल साचतं आणि परत चालू होत नाही. आरएक्स-8 च्या इंजिनांच्या इतक्या तक्रारी आल्या की अमेरिकेत कंपनीने इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तो माणूस म्हणतो, "पण नऊ हजार आरपीएमला ऐक एकदा."

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी खास किस्सा. 2011 मध्ये माझदा सिक्सच्या हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीच्या पिवळ्या कोळ्याला पेट्रोलचा वास आवडतो आणि तो टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणतो. नळी तुंबली की टाकीला तडा जायची भीती. आधी नळीत स्प्रिंग बसवली. कोळी त्यालाही पुरून उरले. 2014 मध्ये पुन्हा गाड्या बोलावल्या आणि या वेळी सॉफ्टवेअर बदललं. खरा बग, खरा पॅच!

आता तो शेवटचा विषय. तीन वर्षं मी ऑफिसात एका प्रॉडक्टवर काम करत होतो. आमचं स्वतःचं सर्च इंजिन, अगदी तळापासून लिहिलेलं. बाजारात तयार मिळत होतं, पण आमचं जास्त सुंदर होतं. दोन वेळा वरून विचारणा झाली की हे बंद करून तयार घ्यायचं का, आणि दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये यामामोतोंच्या 47 माणसांची गोष्ट सांगितली. खरंच सांगितली, स्लाइडवर कॉस्मोचा फोटो टाकून. लोक हसले, आणखी सहा महिने मिळाले.

टीममध्ये एक मुलगा होता, हैदराबादचा, व्हिसावर. त्याला दुसऱ्या टीममध्ये जायची संधी आली होती. त्याने मला विचारलं, "जाऊ का?" मी म्हटलं, "थांब, हे होणार आहे." तो थांबला. यंदाच्या मार्चमध्ये कंपनीने प्रॉडक्ट बंद केलं. मला दुसरीकडे घेतलं, त्याला नाही. नोकरी गेली की व्हिसावाल्याकडे साठ दिवस असतात. त्याला एक्केचाळिसाव्या दिवशी दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. ते एक्केचाळीस दिवस मी त्याच्यासाठी ओळखीपाळखीत फोन करत होतो, आणि तो माझ्याशी पूर्वीसारखाच नम्रपणे बोलत होता. त्याचाच जास्त त्रास झाला.

त्या दिवसांत मी माझदाचा इतिहास परत वाचला. या वेळी 1967 ऐवजी 1973 वर थांबलो. हट्ट धरणारे 47 जण आपल्याला ठाऊक आहेत. पण ज्यांच्या हातातला पाना काढून घेऊन शोरूममध्ये उभं केलं, त्या माणसांना कुणी विचारलं होतं का? हट्ट यशस्वी झाला की त्याला चिकाटी म्हणतात, हे खरं. पण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटणार असेल, तर आधी त्याला आकडा दाखवायला हवा. मी त्या मुलाला आकडा दाखवला नव्हता. मला वरून दोनदा विचारणा झालीये, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. गेल्या महिन्यात फोन करून सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं तर मी गेलो असतो." मी म्हटलं, "माहीत आहे."

हट्ट वाईट असं मात्र मी अजूनही म्हणणार नाही. आरएक्स-8 2012 मध्ये बंद झाली तेव्हा रोटरी संपली असं सगळ्यांना वाटलं. 2023 मध्ये ती परत आली, एमएक्स-30 मध्ये, एकाच रोटरची. चाकं फिरवायला नव्हे, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर म्हणून. कंपनी तिच्यावर पैजेला लागलेली नाही, तिला झेपेल एवढंच काम दिलंय. मला हे 787बी पेक्षा आवडलं, वय झालं म्हणा हवं तर.

नवी गाडी? सीएक्स-50 हायब्रिड. अलाबामातल्या ज्या कारखान्यात ती बनते तो माझदा आणि टोयोटाचा मिळून आहे, आणि आतली हायब्रिड यंत्रणा टोयोटाची. ग्रुपवर फोटो टाकल्यावर त्या सिव्हिकवाल्या मित्राने लिहिलं, "आलास ना शेवटी वळणावर!" (त्याला उत्तर दिलेलं नाही.)

लाल माझदा घ्यायला नाशिकचा एक मुलगा आला होता, एमएस करणारा, चार महिन्यांपूर्वी आलेला. इथे मॅन्युअल गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही, चोरसुद्धा सोडून जातो म्हणतात. पण आपली पोरं ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीवर क्लच शिकून आलेली असतात. तो बसला आणि गिअर टाकायला डावा हात नेला, तो दारावर आपटला. माझाही 2011 मध्ये असाच आपटला होता. मी त्याला सगळं सांगितलं. रस्त्याचा आवाज येतो, मागे जागा कमी, विकताना पैसे येणार नाहीत, आणि पुढच्या वर्षभरात क्लचचा खर्च निघेल. तो म्हणाला, "काका, तुम्हाला विकायची आहे ना नक्की?"

काका! असो.

कोपऱ्यावर एकदा बंद पडली, मग सेकंड टाकून वळला तेव्हा नीट गेली.