पंप धरणाऱ्याच्याच माथी का?

फवारणी करताना कुणी दगावले की पहिल्या दोन दिवसांतच निकाल लागून जातो: त्याने काळजी घेतली नाही. हातमोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, तेव्हाही हेच ऐकू आले. त्या हंगामापासून मी हा विषय धरून आहे, आणि जितके वाचतो तितके माझे मत पक्के होत जाते. निष्काळजीपणा हे कारण खोटे नाही, पण ते सगळ्यात शेवटचे कारण आहे. विष सुरक्षितपणे वापरले जाईल की नाही, याचा बराचसा निर्णय ते वावरात पोचण्याआधीच, कारखान्यात आणि दुकानाच्या काउंटरवर, होऊन गेलेला असतो. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या उंचीला लागली होती. अशा पिकात दोन ओळींमधून शिरणारा माणूस नळी खाली धरूच शकत नाही. शेंडा वर असतो, म्हणून फवारा वर जातो आणि त्याचे तुषार चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर उतरतात. टाकीचे झाकण झिरपत असेल तर पाठ कमरेपर्यंत भिजते. उकाड्यात ओला सदरा अंगाला चिकटून राहतो आणि प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे कातडीतून आत शिरतात. त्यांनी मज्जातंतूंचे काम आवरणारे एक विकर बंद पडते. मग बुबुळे बारीक होतात, लाळ सुटते, घाम फुटतो, छाती भरून येते. ॲट्रोपीन वेळेवर मिळाले तर माणूस वाचू शकतो. पण टाकीत दोन-तीन औषधे एकत्र ओतलेली असतील आणि त्यांत डायफेन्थियुरॉनसारखे, ज्याला नेमका उतारा नाही असे एखादे असेल, तर डॉक्टरांनी कशावर इलाज करायचा? हे मिश्रण बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेले नसते. ते दुकानात सुचवलेले असते आणि बऱ्याचदा उधारीवर दिलेले असते. ज्याची उधारी चालू आहे त्याच्याशी कोण वाद घालणार?

आपला कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीतून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. त्याचे कलम 38 मला फार महत्त्वाचे वाटते. स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला ते या कायद्यातून वगळते. म्हणजे कायद्याने बोजा टाकला तो बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. 1971 च्या नियमांनी संरक्षक कपडे, प्रथमोपचाराची साधने, कामगारांचे प्रशिक्षण या गोष्टी उत्पादक, वितरक आणि फवारणीचा धंदा करणाऱ्यांकडे सोपवल्या. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा त्रिकोण सक्तीचा केला: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. खोक्यात स्थानिक भाषेतले माहितीपत्रकही असते. ते उलगडून पाहावे. आठ-दहा घड्या, मुंगीएवढी अक्षरे, अनेक भाषा एकाच कागदावर. उताऱ्याचे नाव त्यात असते, पण मजुराच्या हातात हे खोके येतच नाही. त्याच्या वाट्याला बांधावर कालवलेली बादली येते. कागदावरचा नियम पाळला गेला, माणसापर्यंत काहीच पोचले नाही.

यावर सांगतात की किट वाटले तरी लोक घालत नाहीत. खरे आहे. पण विदर्भातल्या ऑक्टोबरमध्ये रबरी हातमोजे, चष्मा आणि ॲप्रन घालून दिवसभर पंप मारणे माणसाला झेपत नाही. जे झेपत नाही त्यावर सुरक्षिततेची सगळी भिस्त ठेवणे हाच मूळ दोष आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जहाल औषधे काढून घेतली तर पीक जाईल. श्रीलंकेने 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, 1998 मध्ये एंडोसल्फान बंद केले. पुढच्या दशकात तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि भाताचे उत्पन्न घसरले नाही. 2021 मध्ये त्याच देशाने रासायनिक खतांसह सारेच एकदम थांबवले तेव्हा मात्र शेती कोलमडली. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. निवडून जहाल विषे काढणे वेगळे आणि शेतकऱ्याला निःशस्त्र करणे वेगळे.

जनावरांच्या औषधांचा दाखला तर आणखी स्पष्ट आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, त्यांचे मढे खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे कळल्यावर भारताने 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय हाताशी होता. तरी बंदी गळत राहिली, कारण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांकडे वळत होत्या. गुरे पाळणाऱ्यांना समजावून ती गळती थांबली नाही. 2015 मध्ये सरकारने माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलीलीटरच्या एका मात्रेपुरती केली. एका गायीसाठी अशा अनेक बाटल्या फोडाव्या लागणार, म्हणून हा आडमार्ग महाग आणि कटकटीचा झाला. बदलला तो बाटलीचा आकार.

कीटकनाशकांच्या बाबतीत हेच हवे. दुकानदाराने पक्क्या बिलावर पीक, कीड, मात्रा आणि फवारणी ते काढणी यांतले अंतर लिहून द्यावे. टाकीत मिसळायला काही सांगितले असेल तर तेही त्याच बिलावर उतरावे. छोटे दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईकच जालीम मागते, आम्ही नाही दिले तर शेजारचा देईल. त्यांची अडचण खरी आहे, म्हणूनच नियम सगळ्यांना एकदम लागू हवा आणि लाल त्रिकोणाचे डबे कुणाच्याच फळीवर नकोत. लेखी शिफारस असली की रुग्णाबरोबर ते बिल दवाखान्यात जाईल, आणि डॉक्टरांना निदान टाकीत काय होते ते कळेल.