आ कोमो एस्ता एल दोलार?

टेक्सासात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना स्पॅनिशमधलं एक वाक्य चटकन पाठ होतं: ‘आ कोमो एस्ता एल दोलार?’ म्हणजे, डॉलर काय भावाने चाललाय? सीमेपलीकडे मेक्सिकोत पैसे बदलायच्या दुकानाला ‘कासा दे कांबियो’ म्हणतात. पाटीवर दोन आकडे असतात: ‘कोम्प्रा’ म्हणजे दुकानदार डॉलर घेतो तो भाव, ‘वेंता’ म्हणजे विकतो तो. आपण डॉलर देणार, तेव्हा आपल्या वाट्याला कमी आकडा!

गंमत आहे ती क्रियापदात. ‘असणे’साठी स्पॅनिशात दोन क्रियापदं आहेत. ढोबळमानाने, कायमचं असेल तर ‘सेर’, आजपुरतं असेल तर ‘एस्तार’. डॉलरच्या या भावाला ‘एस्तार’. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोने पेसो मोकळा सोडला आणि साडेतीन पेसोंच्या आसपासचा डॉलर काही महिन्यांत सातावर गेला. आपल्याकडेही जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं होतं.

‘सुबियो!’, म्हणजे चढला, असं म्हणत मेक्सिकन शेजारी घरी पैसे धाडतात. आम्हीही धाडतो. चार रुपये जास्त पोचतात खरे. पण रुपया घसरला की तिकडे आईला तेलही महागात पडतं. म्हणून भाव विचारताना आम्ही आवाज जरा खालीच ठेवतो.