एकाच विणीची आई

आम्हां कोल्हापूरकरांना मटणापुढे मासा दुय्यम, आणि मीही त्याच पंथाचा. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो तो समुद्र बघायला. गणपतीपुळे, जयगड, पावस, सगळं डोळे भरून पाहिलं. पण मनात घर केलं ते मिरकरवाडा बंदरातल्या एका सकाळनं.

ट्रॉलर नुकतेच लागले होते. लिलावाचा गलका, पायाखाली वितळता बर्फ, पापलेटभोवती झुंबड. एका टोपलीत मात्र करडे, लिबलिबीत ऑक्टोपस बेवारस पडलेले. "आम्ही नाय खात. कंपनीवाले नेतात," टोपलीवाल्या मावशी म्हणाल्या. शेजारी मत्स्य महाविद्यालयातला एक विद्यार्थी नमुने निवडत होता. "बसा काका, दाखवतो," म्हणाला, आणि मी तिथंच रमलो.

भुजांच्या मुळाशी डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली ती अँफिऑक्टोपस नेग्लेक्टस जात. त्यानं नराची उजवीकडची तिसरी भुजा बोटावर घेतली. टोकाला चोषक नाहीत, कडेनं बारीक पन्हळ. या पन्हळीतूनच शुक्राणूंच्या पुड्या मादीच्या अंगात पोचतात. आर्गोनॉट या भावकीतल्या नराची तर अशी भुजा तुटून मादीतच राहते. अशा तुटक्या भुजेला १८२९ साली क्युव्हिएसारख्या जाणत्या प्राणिशास्त्रज्ञानं परजीवी किडा ठरवलं होतं!

मग त्यानं मादी चिरली. अंडाशय टम्म फुगलेलं, आत आजऱ्याच्या घनसाळ तांदळासारखी अंडी. "घालायच्या बेतात होती," तो हळहळला. अंडी घातली की मादी शिंपल्यात नाहीतर कपारीत बसून राहते. त्यांच्यावर पाणी सोडते, घाण झटकते, अन्नाला जवळपास शिवत नाही. पिल्लं बाहेर पडली की मरते. १९७७ साली वोडिन्स्की या संशोधकानं एका जातीच्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे ही उपासमार तिच्या शरीरानंच ठरवलेली असते.

सुरमई पुढल्या वर्षी पुन्हा विते. हिला पुढलं वर्ष नसतं. विणीआधीच जाळ्यात आली, तर तिचा वंश तिथंच खुंटतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी मला मोलाची वाटते, पण उष्ण समुद्रात ऑक्टोपसची वीण थोडीफार वर्षभर चालते. म्हणून किनाऱ्यालगतचा खडकाळ तळ तरी ट्रॉलरपासून कसोशीनं राखायला हवा. दगडातली एक फट मिळाली, तरी तिची एकुलती वीण पार पडते.