पुस्तकांची बदली

मुरलीपुरा, जयपूर. रविवार, दुपार.

बाहेर ऊन मी म्हणतंय. लॅपटॉपवरची मराठी पुस्तकं टॅबलेटवर हलवायचं काम आज काढलं. मे महिन्यात लॅपटॉपवर वाचणं म्हणजे तापलेली इस्त्री मांडीवर घेणं.

केबल जोडल्यावर अँड्रॉइड आधी नुसता चार्ज होत बसतो. वरची सूचना खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की मगच लॅपटॉपला त्याचे फोल्डर दिसतात. पुढे काही नाही, फाइल उचलायची आणि टाकायची.

खरी कटकट वाचताना. ‘स्मृतिचित्रे’ची स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या मापाने नव्या ओळी धरतो. पण त्यासाठी कुणीतरी तो युनिकोडमध्ये उतरवून, तपासून ठेवायला हवा. विकिस्रोतावरचे स्वयंसेवक मूळ पान शेजारी ठेवून हेच करत असतात. बिनपैशाचं, बिननावाचं काम!

अर्थात कुठलंही पुस्तक असं उतरवता येत नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, त्यामुळे ते पुस्तक निर्धास्त उतरवून घेता येतं. पु. ल. देशपांड्यांसाठी २०६० सरेपर्यंत थांबायला हवं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफ मला चोरीच्याच वाटतात, पाठवणारा कितीही प्रेमाने पाठवो.

शेवटी ‘स्मृतिचित्रे’च्या पीडीएफचे समास कापले, टॅबलेट आडवा धरला. आता वाचता येतंय. पान मात्र दोनदा सरकवावं लागतं.